रिमोटवर नसलेलं बटण

भारतातून आई-बाबा राहायला आले की चार रिमोट समजावण्यापेक्षा एक युनिव्हर्सल रिमोट हातात देणं बरं. पण त्याचं पॉवर बटण दाबलं की टीव्ही बंद होतो आणि साउंडबार चालू! साध्या पॉवर बटणाचा कोड एकच असतो: चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू.

आपल्याला हवा ‘फक्त चालू’चा कोड. मूळ रिमोटवर ते बटण सहसा नसतंच, मग युनिव्हर्सल रिमोटला शिकवणार काय? कोड तयार करावा लागतो.

अनेक टीव्ही ‘एनईसी’ पद्धत वापरतात. सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकणारा अदृश्य झोत आधी ९ मिलिसेकंद येतो, मग ४.५ मिलिसेकंद थांबतो. पुढे ३२ बिट. प्रत्येक बिटातला झोत सारखाच, सुमारे ०.५६ मिलिसेकंदांचा, नंतरचा अंधार तेवढाच असेल तर ०, तिप्पट असेल तर १. म्हणजे निरोप असतो तो अंधारात!

या बिटांत चार आकडे असतात: उपकरणाचा पत्ता, २५५ वजा पत्ता, आज्ञा, २५५ वजा आज्ञा. एलजीच्या बऱ्याच टीव्हींचा पत्ता ४, पॉवरची आज्ञा ८, ‘फक्त चालू’ १९६, ‘फक्त बंद’ १९७. म्हणून चालू करायला पाठवा ४, २५१, १९६, ५९. प्रत्येक आकड्याचा उजवीकडचा बिट आधी.

तुमचा टीव्ही दुसरा असेल तर आर्डुइनोला ३८ किलोहर्ट्झचा रिसीव्हर जोडून कुठल्याही बटणावरून पत्ता वाचा आणि ० ते २५५ आज्ञा एकेक पाठवून पाहा. मध्येच सर्व्हिस मेनू उघडला तर काहीही न बदलता बाहेर पडा.