पडक्या घराचं गिऱ्हाईक

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या जुन्या गावठाणातलं ते घर. पांढऱ्या मातीच्या भिंती, सोप्याला चार सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं. ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या दिवसांत भूमिगत मंडळी इथल्या माळ्यावर झोपून गेली, असं घरात सांगत. प्रतिसरकारातल्या जी. डी. बापू लाडांच्या गावात असं सांगणारी घरं बरीच. गिऱ्हाईक मात्र ऐकता ऐकता तुळईत नख खुपसून वाळवी बघायचं.

घराचा वारस, म्हणजे प्रस्तुत लेखक, पुण्यात राहणारा. विकायचं ठरल्यावर त्यानं आधी गवंडी बोलावला आणि पोट सुटलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारून घेतला. मातीच्या भिंतीला सिमेंट नीट धरत नाही. आत मुरलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि माती आतून भुसभुशीत होते. पुढच्या पावसाळ्यात गिलावा पापुद्र्यासारखा सुटला. ठरत आलेलं गिऱ्हाईक, ‘एवढं झाकलंय, तर अजून काय काय झाकलं असेल?’ म्हणून उठून गेलं.

गिऱ्हाइकाचं चुकलं नाही. सहज नजरेला न येणारा, पण मालकाला ठाऊक असलेला मोठा दोष विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे, असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं. गवंड्याचे पैसे तर गेलेच. पुढं जे गिऱ्हाईक मिळालं, त्याला घर पाडून जागाच हवी होती!

पण खरी गळती कागदात निघाली.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर वडिलांचं एकट्याचं नाव होतं. लेखक त्यावर निर्धास्त. हा उतारा घरपट्टीच्या आकारणीचा. मालकी त्यानं सिद्ध होत नाही. घर आजोबांचं, मृत्युपत्र नाही आणि दोन आत्या हयात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं दिला. त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला मुलीचे वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. आत्यांनी हक्क सोडल्याच्या सह्या आनंदानं दिल्या होत्या, पण नोटरीपुढं. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं. म्हाताऱ्या आत्यांना पुन्हा गाडीत घालून न्यावं लागलं, आणि त्या वाटेवर लेखकाला जे ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गावठाणातलं घर विकणाऱ्यानं स्वामित्व योजनेच्या ड्रोन मोजणीतून मिळकत पत्रिका निघाली आहे का, हे आधी पाहावं. ही योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. पत्रिकेवरची नावं आणि क्षेत्र जागेशी ताडून घ्यावं. कुठली भिंत सामाईक, कुणाच्या पाघोळ्या कुणाच्या परड्यात पडतात, हे शेजाऱ्यासमोर बोलून खरेदीखतात उतरवावं. इसार वीस हजार किंवा त्याहून जास्त असेल तर रोखीनं घेता येत नाही. तो बँकेतूनच घ्यावा.

आणि लाकूड! पडक्या घरात सागवानालाच मोल असतं. ते सौद्यात धरलंय की नाही, हे खतात लिहून घ्यायला हवं होतं. लेखकाचं ते राहिलं. खांब, तुळया गेल्या. मिनतवारी करून दाराची चौकट तेवढी मिळाली. पुण्याच्या फ्लॅटच्या दारातून ती आत जाईना, म्हणून सध्या पार्किंगमध्ये उभी आहे.