पक्षाची उमेदवारी आणि पक्षाबाहेरचा विचार

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखही नाही. तरीही गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅटिक या दोन पक्षांपैकी एकाच्या उमेदवारीवाचून कोणीही राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेला नाही. म्हणून पक्षाची उमेदवारी कोण व कशी देतो, हा त्या देशातील लोकशाहीचा एक मूलभूत प्रश्न आहे.

भारतात पक्षाचे तिकीट सामान्यतः पक्षश्रेष्ठी देतात. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून हा अधिकार मुख्यतः पक्षाच्या सामान्य मतदारांकडे आला आहे. काही राज्यांत प्रायमरी, म्हणजे मतपेटीद्वारे होणारी प्राथमिक निवडणूक घेतली जाते; तर काही राज्यांत कॉकस, म्हणजे विभागवार भरणाऱ्या पक्षसभा होतात. दोहोंचा अंतिम हेतू एकच असतो: राष्ट्रीय अधिवेशनास जाणारे प्रतिनिधी ठरविणे. अधिवेशनात ज्याच्या मागे प्रतिनिधींचे बहुमत, तो पक्षाचा उमेदवार. अशा रचनेमुळे पक्षाच्या प्रस्थापित नेत्यांना नकोसा असलेला मनुष्यही पक्षाचे दार ठोठावू शकतो. तथापि दार ठोठावणे आणि आत प्रवेश मिळणे यांत किती अंतर आहे, हे रॉन पॉल यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पॉल ज्या विचारसरणीचे प्रतिनिधित्व करीत, तिला व्यक्तिस्वातंत्र्यवाद म्हणता येईल. शासनाचे कार्य व्यक्तीचे जीवित, मालमत्ता व स्वातंत्र्य यांच्या रक्षणापुरतेच असावे, हे तिचे सूत्र होय. त्यानुसार कर अल्प असावेत, बाजारपेठ मुक्त असावी, नागरिकांच्या खाजगी वर्तनात शासनाने ढवळाढवळ करू नये आणि परदेशांतील युद्धांत देशाने गुंतू नये. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी रिपब्लिकन पक्षाला मानवतात; उरलेल्या दोन त्याच्या मोठ्या गटाला मानवत नाहीत. अशा उमेदवाराची मूळ अडचण येथेच आहे.

व्यवसायाने प्रसूतितज्ज्ञ असलेले पॉल १९७६ मध्ये टेक्सास राज्यातून प्रथम प्रतिनिधिगृहात निवडून आले. ऑगस्ट १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले. त्या घटनेनेच आपणास राजकारणाकडे वळविले, असे ते सांगत. त्याच वर्षाच्या अखेरीस लिबर्टेरियन पक्षाची स्थापना झाली. १९८८ मध्ये पॉल यांनी त्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविली. त्यांना सुमारे ४ लाख ३२ हजार, म्हणजे एकूण मतांच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी मते पडली. तिसऱ्या पक्षाचा मार्ग किती खडतर आहे, याचा हा धडा होता. १९९७ मध्ये ते रिपब्लिकन सदस्य म्हणून प्रतिनिधिगृहात परतले. खर्चाच्या प्रस्तावांना ते इतक्या नियमाने विरोध करीत की, त्यांना ‘डॉक्टर नो’ हे टोपणनाव पडले. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविरुद्ध बळाच्या वापरास संमती देणाऱ्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या सहा रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी ते एक होते.

२००८ च्या उमेदवारीसाठी सत्तरी ओलांडलेले पॉल रिंगणात उतरले, तेव्हा फारच थोड्यांनी त्यांची दखल घेतली. परंतु तरुणांचा मोठा वर्ग त्यांच्याभोवती जमला. १६ डिसेंबर २००७ या एकाच दिवशी समर्थकांनी इंटरनेटद्वारे सुमारे ६० लाख डॉलर गोळा केले. पैसा आला, उत्साह आला. मते मात्र त्या मानाने आली नाहीत. उमेदवारी जॉन मॅकेन यांना मिळाली. दोन दशकांपूर्वी पॉल यांच्या नावाने निघणाऱ्या वार्तापत्रांतील वंशद्वेषी मजकूरही या काळात चर्चेत आला. तो आपण लिहिला नसल्याचे त्यांनी सांगितले, पण टीका थांबली नाही.

२०१२ मध्ये त्यांच्या समर्थकांनी निराळी नीती अवलंबिली. आयोवा राज्यात कॉकसच्या रात्री होणारे मतदान प्रतिनिधींवर बंधनकारक नव्हते. खरे प्रतिनिधी त्यानंतर काउंटी, जिल्हा व राज्य अशा चढत्या क्रमाच्या सभांतून निवडले जात. मतदान आटोपल्यावर बहुतेक लोक घरी जात. पॉल यांचे समर्थक सभा संपेपर्यंत बसून राहत. ३ जानेवारीच्या मतदानात पॉल सुमारे २१ टक्के मतांसह तिसरे आले होते. रिक सँटोरम यांनी मिट रॉम्नी यांच्यावर अवघ्या ३४ मतांची आघाडी घेतल्याचे पुढे निष्पन्न झाले. परंतु ऑगस्टमध्ये टँपा येथील अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ प्रतिनिधींनी पॉल यांना मत दिले!

हे योग्य होते काय? नियमांच्या दृष्टीने त्यात काहीच वावगे नव्हते. मात्र तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला बहुसंख्य प्रतिनिधी मिळणे, हे सामान्य मतदाराच्या कौलाशी विसंगत होते, हेही नाकारता येत नाही. पक्षनेतृत्वाने या विसंगतीवर बोट ठेवून नियमच बदलले. राज्यातील मतदानाचा कौल प्रतिनिधींवर बंधनकारक करण्यात आला. तसेच अधिवेशनात नाव मांडण्यासाठी पूर्वी पाच राज्यांतील प्रतिनिधींत सर्वाधिक पाठिंबा पुरेसा असे; आता आठ राज्यांत स्पष्ट बहुमताची अट घालण्यात आली. सभागृहात विरोधाच्या घोषणा उठल्या, तरी आवाजी मतदानाने नियम संमत झाल्याचे जाहीर झाले. रॉम्नी यांना २,०६१ मते मिळाली, पॉल यांना १९०.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. २०१६ मध्ये पॉल यांचे पुत्र, केंटकीचे सिनेटर रँड पॉल, उमेदवारीच्या स्पर्धेत उतरले. आयोवात पाचवा क्रमांक आल्यावर ३ फेब्रुवारी रोजी त्यांनी माघार घेतली. प्रस्थापितांविरुद्धचा असंतोष ओसरला नव्हता. तो डोनाल्ड ट्रंप यांच्याकडे वळला होता. पॉल यांच्यामागे जमलेल्यांपैकी सर्वांनाच त्यांच्या विचारांचे आकर्षण होते असे नाही. काहींना केवळ बाहेरचा मनुष्य हवा होता, असे यावरून दिसते. त्या वर्षीच्या क्लीव्हलंड अधिवेशनात ट्रंप नको असलेल्या प्रतिनिधींनी बंधनातून मुक्तता मागितली, तेव्हा २०१२ चेच नियम त्यांच्या आड आले. एका बाहेरच्या उमेदवाराला रोखण्यासाठी घातलेला अडसर दुसऱ्या बाहेरच्या उमेदवाराच्या संरक्षणास उपयोगी पडला.

पक्ष ही स्वेच्छेने एकत्र आलेल्या लोकांची संस्था असल्याने आपले नियम बदलण्याचा तिला अधिकार आहे. परंतु विशिष्ट व्यक्तीकडे पाहून केलेला नियम त्या व्यक्तीनंतरही टिकतो आणि त्याचा लाभ कोणाला होईल, हे तो करणाऱ्यांच्या हाती राहत नाही. अल्पमताला नियमांनी गप्प करता येते. ज्या असंतोषातून ते उभे राहिले, तो मात्र तसा मिटत नाही. तो दुसरा वाहक शोधतो, आणि हा नवा वाहक त्याच विचारांचा असेल, याची शाश्वती कोणालाच देता येत नाही.