संकल्पाला सोबत हवी

देवापुढे उभे राहून, तळहातावर पाणी घेऊन, “आजपासून दारूला शिवणार नाही” असा संकल्प सोडणारा मनुष्य खोटे बोलत असतो, असे आम्हांस वाटत नाही. त्या घटकेला तो मनापासूनच बोलतो. तथापि पंधरवड्याने त्याचे पाऊल पुन्हा जुन्या वाटेला वळते आणि आपण सारे म्हणतो, “याच्या अंगी निश्चयच नाही.” या समजुतीचाच प्रस्तुत पाठात विचार करावयाचा आहे.

बडोद्यात हा प्रश्न थोड्या निराळ्या रूपाने पुढे येतो. मुंबई राज्याचा १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा १ मे १९६० रोजी गुजरात वेगळे झाल्यावरही येथे चालू राहिला. रस्तोरस्ती दुकाने दिसत नाहीत, हा त्याचा लाभ होय. परंतु ज्या घरात व्यसन शिरले आहे, तेथे लोकलाजेत कायद्याच्या भयाची भर पडते. “त्यांना पित्त झाले आहे,” असे गृहिणी शेजारी सांगते. मुले मित्रांस घरी आणीत नाहीत. आणि साहाय्य मागण्याची वेळ टळत जाते. दुकान बंद झाल्याने व्यसन बंद होत नाही. ते दार लावून घरात बसते.

प्रथम शरीराचा विचार करू. वर्षानुवर्षे रोज पुष्कळ पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर काही तासांतच हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत कधी फेफऱ्यासारखे झटके येतात. पुढे भ्रम होऊन नसलेली माणसे दिसतात. हे प्राणावर बेतू शकते. म्हणून अशा मनुष्यास खोलीत कोंडणे किंवा उपास घडविणे हा उपाय नव्हे. त्यास वैद्यकीय देखरेख हवी. आपल्या नगरीत सयाजी रुग्णालय आहे, कारेलीबागेत मानसिक आरोग्याचे सरकारी रुग्णालय आहे. मानसिक आरोग्यसेवेच्या २०१७ च्या कायद्याने दारूच्या व्यसनातून उद्भवणाऱ्या मनोविकारांचाही समावेश केला असून, रुग्णाची माहिती गुप्त राखली जाण्याचा त्याचा हक्क मान्य केला आहे. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करता येतो.

शरीर सावरले तरी मन सावरणे उरते, आणि तेथे सोबतीचे महत्त्व कळते. १९३५ साली अमेरिकेतील अक्रन शहरी बिल विल्सन नावाचा गृहस्थ धंद्यात अपयश पदरी घेऊन हॉटेलात एकटा पडला होता. दारू सोडून थोडेच महिने झाले होते आणि पिण्याची ऊर्मी आली होती. त्याने पेला न शोधता आपल्यासारखाच एक व्यसनी शोधला. तो डॉ. बॉब स्मिथ. त्या दोघांच्या बोलण्यातून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. तिच्या सभांना शुल्क नाही, आडनावाची चौकशी नाही. सोडण्याची इच्छा एवढीच अट. जन्मभराची प्रतिज्ञा तेथे मागत नाहीत. “आजचा दिवस प्यायचे नाही,” इतकेच. भारतातील अनेक शहरांत तिचे गट आहेत.

आपल्या भाषेतील उदाहरण पुण्याचे. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे निवासी उपचारानंतरही पाठपुरावा चालतो. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्या रुग्णांस हात देतात. आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे, कारण व्यसनाचा घाव घरादारावर पडलेला असतो.

हे तत्त्व आपणांस परके नाही. तुळशीची माळ घालणारा वारकरी मद्य वर्ज्य करतो. माळ एकट्याच्या गळ्यात असते, वाट मात्र तो दिंडीबरोबर चालतो. ज्याच्या पायाला फोड येतो, त्यास दिंडी रस्त्यात सोडून जात नाही. मग संकल्प मोडलेल्या सभासदास पाहून आपण मान का फिरवावी? घसरण हा आजाराचा भाग आहे. पुन्हा उपचारास नेणे हे आप्ताचे काम आहे.

कर्तव्ये साधी आहेत. दारूसाठी पैसे देऊ नयेत, त्याच्या वतीने खोटी कारणे सांगू नयेत, चारचौघांत टोचूनही बोलू नये. सायंकाळ ही अनेकांस कठीण वेळ. त्या वेळी त्यास आरतीच्या तयारीस किंवा फिरावयास सोबत न्यावे.

घरी विचार करण्यासाठी प्रश्न:
१. लज्जेपायी आपण कोणते दुखणे झाकून ठेवले आहे?
२. संकल्प मोडलेला मनुष्य उद्या मंदिरात आला, तर आपले पहिले शब्द कोणते असतील?
३. त्याच्याबरोबर रुग्णालयात जाण्यास आपल्यापैकी कोण तयार आहे?