घोट्यावरचा डाग

उंदीर म्हटला की आम्हा कोकणातल्या माणसांना लेप्टो आठवतो. भाताचा चिखल, पायाला चीर आणि मग ताप. त्यामुळे सौदीच्या रखरखीत माळावर उंदीर दिसले तेव्हा मी निर्धास्त होतो. इथे चिखल कुठला?

अल-अहसा हा सौदीच्या पूर्वेकडचा खजुरीच्या बागांचा मुलूख. आमचं पंप बसवण्याचं काम बागांच्या कडेच्या खारवट जमिनीवर होतं. तिथल्या झुडपांखाली बिळंच बिळं. गुबगुबीत उंदीर दिवसाढवळ्या बाहेर बसायचे, पानावरचा खारट थर दातांनी खरवडायचे आणि मगच पान खायचे. जेवणाच्या सुट्टीत तीच आमची करमणूक. रात्री उकाड्यामुळे आम्ही केबिनबाहेर चटई टाकून हाफ पँटवर झोपायचो. बिळं तिथून वीस पावलांवर.

सुट्टीवर घरी आलो तेव्हा घोट्याच्या वर एक तांबडी पुळी होती. आई म्हणाली, "चावलं असेल काहीतरी, हळद लाव." लावली. पुळी फुटून रुपयाएवढा व्रण झाला, मधे खोलगट आणि कडा उचललेल्या. तो दुखत नव्हता, तिथेच मी फसलो. गावातल्या डॉक्टरांनी साखर तपासली, अँटिबायोटिक दिलं, मग दुसरं दिलं. सौदीचं मी बोललोच नाही. पायाच्या फोडाशी त्याचा काय संबंध, असं वाटलं.

अडीच महिन्यांनी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "याआधी कुठे राहत होतात?" त्यांनी व्रणाची कड खरवडून नमुना काचपट्टीवर घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली लेश्मानिया हा परजीवी सापडला. बिहारच्या काळ्या आजाराचा हा भाऊबंद. काळा आजार यकृत आणि प्लीहेपर्यंत पोचतो, माझा कातडीवरच थांबला होता. आपल्याकडे काळा आजार माणसाकडून माणसाकडे जातो, तिथे मात्र या परजीवीचं बिऱ्हाड उंदरात असतं. उंदीर चावत नाही. त्याच्या थंड, दमट बिळात दिवसभर वाळूमाशी दडून बसते. रात्री तिची मादी रक्त प्यायला बाहेर पडते. उंदराला चावलेली मादी पुढे आम्हाला चावली.

व्रणाच्या कडेत अँटिमनीची इंजेक्शनं घ्यावी लागली. व्रण कधी दुखला नाही, ती सुई मात्र दुखली. जखम भरली, डाग राहिला.

आखातात कामाला निघणाऱ्यांना एवढंच सांगेन. बिळांजवळ राहुटी ठोकू नका, उघड्यावर जमिनीलगत झोपू नका. वाळूमाशी डासापेक्षा बरीच लहान असते, साध्या मच्छरदाणीतून आत शिरते. बारीक विणीची, कीटकनाशक लावलेली जाळी घ्या. वाळूमाशी उडण्यात कच्ची असते, म्हणून पंखा लावून झोपा. संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायघोळ पँट घाला, उघड्या अंगाला डास पळवणारं मलम लावा. माशी चावल्यावर पुळी कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही उठते, तोवर माणूस घरी पोचलेला असतो. शिवल्याने हा आजार पसरत नाही, त्यामुळे घरच्यांनी घाबरू नये.

आणि न दुखणारा व्रण तीन-चार आठवड्यांत भरला नाही, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. कुठल्या देशात होतो, कुठे झोपत होतो, हे केसपेपरवर आधी लिहायला लावा. माझे अडीच महिने त्या एका ओळीअभावी गेले.