पंप फिरतो, पण पाणी ढकलतो कसा? बंदीच्या दिवसांतला छोटा पाठ

१ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला. जाळी शिवून झाली की एक काम करूया, पंप समजून घेऊया.

डेक धुवायचा साधा सेंट्रीफ्युगल पंप पाणी जोरात भिरकावतो. पुढचा वॉल्व बंद केला तर आतल्या आत पाणी घुसळत राहतो. रोटरी पंपाचं तसं नाही. तो ओंजळीने पाणी भरल्यासारखा मोजून माल उचलतो आणि पुढे ढकलतोच. समजा एका फेऱ्यात १० मिली तेल जातं. मग मिनिटाला १५०० फेरे झाले की साधारण १५ लिटर गेलं. म्हणून पुढची वाट बंद झाली तर दाब वाढत जातो आणि पाइप फुटतो. त्यासाठीच रिलीफ वॉल्व असतो. तो कधीही बंद करू नका, उगाच घट्टही करू नका.

आपल्या बोटीत हे पंप कुठे आहेत?

१) इंजिन ऑइलचा गियर पंप. दोन गियर एकमेकांत फिरतात. तेल मधून जात नाही. दाते आणि बॉडी यांच्या फटीतून कडेने जातं. हायड्रॉलिक विंचलाही बहुधा असाच पंप असतो. तेलात कचरा आला की दाते झिजतात, तेल मागे गळतं, विंच ढिला पडतो.

२) खारं पाणी ओढणारा रबरी इंपेलर. बॉडीत एका बाजूला उंचवटा असतो. तिथे पाती दुमडतात, जागा कमी होते, पाणी बाहेर पडतं. पुढे पाती सरळ होताना नवं पाणी आत ओढलं जातं.

या रबराला पाणी हेच वंगण. तळाचा वॉल्व उघडायला विसरलो तर पाती थोड्याच वेळात जळतात आणि भर दर्यात इंजिन तापतं.

कारखान्यांतही हेच तत्त्व चालतं: साखर कारखान्यात मळी, डेअरीत दही-क्रीम, जहाजावर जाड इंधन. घट्ट माल न घुसळता न्यायला हेच पंप बरे.

आता करायचं काय? इंपेलर काढून ठेवा, म्हणजे पाती वाकडी बसणार नाहीत. पातं तुटलेलं दिसलं तर तुकडा पुढच्या पाइपात किंवा कूलरमध्ये शोधा. तो पाणी अडवतो. बसवताना ग्रीस नको, साबणाचं पाणी लावा. आणि एक जादा इंपेलर बोटीत ठेवाच.

तांडेल आणि खलाशी, दोघांनाही हे वाचून दाखवा.