साठ दिवस

पुणे, १२ मे

चि. छकुलीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

काल डोहाळजेवणात ऐकलं ते खरं का? तू ३१ मेच्या आत तिथल्या, इंग्लंडमधल्या शाळेचा राजीनामा देणार, ऑगस्टअखेर सुटणार आणि घाईनं लग्न करून त्या मुलाच्या व्हिसावर राहणार. पानावरून उठले मी. तुझ्या आईला अजून काही बोलले नाही.

मुलगा केरळचा आहे, त्याचं मला काही नाही. हॉस्पिटलातली रात्रपाळी करून तुझ्यासाठी डबा ठेवणारा मुलगा वाईट कसा असेल? पण तुझ्या व्हिसावर नोकरी सुटली की नवी मिळवायला साठ दिवस, हे तूच सांगितलं होतंस. त्या साठ दिवसांच्या धाकानं लग्न करू नकोस.

तू चेल्टनहॅमला जाऊन आलीस तेव्हा पंडिता रमाबाईंचा विषय निघाला होता. १८८० साली आपल्या मर्जीनं, जातीबाहेर, बंगाली वकिलाशी लग्न. दोन वर्षांत वैधव्य. १८८३ साली लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन इंग्लंड. चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवलं. आसरा देणारी मिशनची माणसं मायेची होती, तरी काय मानायचं ते माझं मी ठरवीन, असं रमाबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं. ज्याच्या घरात राहतो त्याला नाही म्हणणं फार कठीण असतं गं.

मला ते जमलं नाही. १९८४ साली जिल्हा परिषदेची ऑर्डर आली, शाळा भोरच्या पुढे. काका म्हणाले, मी आहे ना! ऑर्डर तांदळाच्या डब्यात गेली. काका वाईट नव्हते, तू पाहिलंस. पण तुझ्या आजीच्या शेवटच्या दुखण्यात एस.टी.चे पैसे मागायला मी दाराशी किती वेळ घुटमळले, ते अजून आठवतं.

रविवारी रात्री झोप येत नाही, वर्गात मुलं तुझ्या उच्चारांना हसतात, असं तू लिहिलंस आणि मी 'सोस थोडं' म्हटलं. चुकलं माझं. सोड ती शाळा. फक्त दुसरी हातात आल्यावर सोड. साठ दिवस फार थोडे असतात. पैसे लागले तर माझी एफडी जूनमध्ये सुटतेय, आईला कळणार नाही.

मेतकूट आणि गोडा मसाला पाठवतेय. त्यालाही मऊ भातावर तूप-मेतकूट घालून दे, आवडलं का ते कळव. रविवारी फोन कर. बोलवलं नाही तर बोलू नकोस, मी धरून बसेन.

तुझी
मावशी