जुन्या पिकअपचे मिसिंग : आधी कारण शोधा, मग पाना उचला



गळीत हंगाम संपला की आपले बरेच सभासद गाडी घेऊन घाटाखाली उतरतात. जाताना गूळ नाहीतर भाजी, येताना रत्नागिरीचा हापूस. चार पैसे सुटतात ते याच दोन महिन्यांत. अशा वेळी गाडी वाटेत मिसिंग मारू लागली, तर नुसते भाडे बुडत नाही, गाडीतला माल पिकून जातो. म्हणून या अंकात जुन्या पेट्रोल पिकअपच्या मिसिंगचा विचार करू. डिझेल गाडीला प्लगच नसतो, तिची तपासणी वेगळी. तसेच नव्या कॉम्प्युटरवाल्या गाडीवर खालील प्रयोग करू नयेत.

घडलेली गोष्ट

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आपल्या एका सभासदाची जुनी जीप-पिकअप रत्नागिरीला मुक्कामी होती. रात्री वळवाचा पाऊस पडला. सकाळी गाडी फटफट करू लागली. तिथल्या एका मेस्त्रीने चारही प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला. तोवर ऊन पडले आणि गाडी सुधारली. पैसे देऊन गडी निघाला. पाली, नाणीज, साखरपा ठीक गेले. आंबा घाटात धुके लागले आणि गाडी पुन्हा लंगडू लागली. पहिल्या गियरमध्ये रडतखडत ती वर आली ती थेट आमच्या दारात. म्हणजे आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी! दोष होता एकीकडे, खर्च झाला दुसरीकडे.

मिसिंग म्हणजे काय?

चार सिलिंडरचे इंजिन म्हणजे चार बैलांचा नांगर. एकाने मान टाकली की नांगर चालतो, पण हिसके देत. सिलिंडरला तीन गोष्टी लागतात : वेळेवर ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल-हवा आणि पुरेसा दाब. यांतले एक जरी चुकले तरी सिलिंडर पेटत नाही. शोधही याच क्रमाने घ्यावा, कारण ठिणगी तपासायला सर्वांत कमी खर्च येतो.

1. गुन्हेगार सिलिंडर कोणता?

आधी कान द्या. ठोका ठरावीक अंतराने चुकत असेल तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा. कधीही, कसाही चुकत असेल तर सर्वांना सामाईक असलेल्या वस्तू पाहा : कॉइल, सी. बी. पॉइंट, कन्डेन्सर, नाहीतर पेट्रोलचा पुरवठा.

आता इंजिन बंद करा. एका प्लगची वायर काढून तिचे टोक बॉडीला टेकेल असे पक्के बांधा आणि गाडी चालू करून ऐका. इंजिन आणखी लंगडले तर तो सिलिंडर निर्दोष. काहीच फरक पडला नाही तर चोर सापडला. चारही सिलिंडर असेच पाहा. चालू इंजिनात उघड्या हाताने वायर ओढू नका, झटका जोराचा बसतो. पेट्रोल गळत असेल तर आधी ते पुसा, वाळू द्या.

2. एका वेळी एकच बदल

आम्ही पाहिले तेव्हा 4 नंबरची वायर काढूनही फरक पडेना. मग 4 चा प्लग 1 ला आणि 1 चा 4 ला लावला. प्लग खराब असता तर दोष 1 कडे गेला असता. तो 4 कडेच राहिला. वायर बदलून पाहिली, तरीही तेच. राहिली डेल्कोची कॅप. ती उलटी करून उजेडात धरली तर आतल्या 4 आणि 2 नंबरच्या टोकांमध्ये केसासारखी काळी रेघ! दमट हवेत करंट प्लगकडे न जाता त्या रेघेवरून शेजारी पळत होता. ऊन पडले की कॅप सुकायची आणि रोग लपायचा. नवी कॅप बसवली, गाडी सुरळीत झाली.

4 आणि 2 शेजारी कसे, असे कुणी विचारील. जुन्या चार सिलिंडरच्या जीप इंजिनाचा पेटण्याचा क्रम 1-3-4-2 असा आहे आणि कॅपवर वायरी त्याच क्रमाने बसतात. म्हणून वायरी काढण्यापूर्वी प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी बांधा. पॉइंटची फट 20 थाऊ, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, आणि प्लगची 30 थाऊ, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर ठेवावी. अंदाजाने नको, फिलर गेजने मोजा.

घाटात अडकलात तर कॅप कोरड्या फडक्याने पुसा आणि काळी रेघ चाकूच्या टोकाने खरवडून तोडा. घरापर्यंत याल, पण कॅप नवीच घ्या. रत्नागिरीला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, शिवाय समुद्राची खारी हवा. तिकडे जाणाऱ्या गाडीची कॅप, रोटर आणि वायरी पावसाळ्याआधी तपासायलाच हव्यात.

3. ठिणगी ठीक असेल तर पेट्रोल

प्लगचे तोंड पाहा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. कोरडे काळे असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर चढते आहे.

येथे आपल्या उसाचाही संबंध येतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग 2001 साली झाले, त्यांत आपल्या राज्यातील मिरज व मनमाड होते. 2022 साली हे प्रमाण 10 टक्क्यांवर गेले, 2025 साली 20 वर. उसाला त्यामुळे आणखी एक गिऱ्हाईक मिळाले हे चांगलेच. पण इथेनॉल पाणी ओढते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसते आणि इंजिन गचके खाते. जुने रबरी पाइप व पंपाचा पडदाही त्याने खराब होतो, शिवाय जुन्या जेटला मिश्रण पातळ पडते. म्हणून पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नका, तळातले पाणी काढत जा, पाइप इथेनॉल सोसणारे घ्या आणि कार्बोरेटर जाणत्याकडून जुळवून घ्या. कार्बोरेटरच्या बुडाच्या पॅकिंगवर साबणाचे पाणी सोडा. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जाते आहे.

4. शेवटी दाब

सर्व प्लग काढून गेजने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजा. एकाचा फार कमी भरला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढल्यास व्हॉल्व्ह अगर हेड गॅस्केट. शेजारच्या दोन्ही सिलिंडरांचा दाब कमी असेल तर गॅस्केटचाच संशय घ्यावा. हे काम मात्र मेस्त्रीचे.

मेस्त्रीकडे जाल तेव्हा "गाडी बघा" एवढेच सांगू नका. कोणता सिलिंडर, थंडीत की गरम झाल्यावर, पावसात की चढावर, हे सांगा. आमच्या सभासदाने "पाऊस पडला की होते" हे एक वाक्य रत्नागिरीत सांगितले असते, तर चार प्लगांचे पैसे वाचले असते आणि दोन पेट्या आंबा उकिरड्यावर गेला नसता.